आंबलेली सर्कस

मी एक जुनी चित्रफीत आहे आणि मला माझाच वास सहन होत नाही. मित्रांनो, व्हिनेगरच्या बाटलीत कोणी ओले मोजे बुडवून ठेवावेत, तसा काहीसा तो वास आहे. खुशाल नाक मुरडा. मला सवय आहे.

माझ्यावर एक सर्कस आहे, हाताने काढलेल्या चित्रांची, जेमतेम सात-आठ मिनिटांची. तिच्यात ऐटबाज मिशांचा रिंगमास्तर हत्तीला स्टुलावर बसायला सांगतो आणि हत्ती बसत नाही, कारण स्टूल घाणेरडे आहे. तो ते हुंगतो, झाडतो, फुंकतो, पुन्हा हुंगतो आणि सोंड मुरडतो. रिंगमास्तर चाबूक आपटतो, तेव्हा तो चाबकाकडेही तितक्याच किळसेने पाहतो. मला छापले, रसायनांत धुतले, वाळवले, तेव्हा मीही त्या हत्तीला आवडेन इतकी स्वच्छ होते. पुढे तशी कधीच राहिले नाही.

मला एका चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाच्या आधी दाखवत. अंधारात सगळी मुले हत्तीबरोबर "शीऽऽ" असे ओरडत आणि हसता हसता खुर्च्यांवरून घसरत. माझ्या वाट्याला आलेले कौतुक ते एवढेच, पण ते भरभरून आले.

वर यंत्राच्या खोलीत मात्र माझे हाल होत. फितीची चित्राची बाजू ओल्या ओठाला चिकटते, दुसरी चिकटत नाही. म्हणून ऑपरेटर मला यंत्रात घालण्याआधी माझी कड ओठांत धरून पाही. ते ओठ नुकतेच काहीतरी तळलेले खाऊन आलेले असत. मी तुटले, की तो थुंकी लावून मला ओले करी, ब्लेडने खरवडी आणि मग चिकटवी.

"थुंकीसारखं औषध नाही," तो दारावर तिकिटे फाडणाऱ्याला सांगे.

"बायकोला ताप आला, की हेच लावतोस का रे?" तिकीटवाला विचारी.

दोघे खो खो हसत आणि मी तशीच ओली, बुळबुळीत पडून राही. तरी एक गोष्ट कबूल करते. त्या माणसाचा माझ्यावर जीव होता. चित्रपटगृह बंद पडले, यंत्रे भंगारात गेली, तेव्हा त्याने मला कोटात लपवून घरी आणले. पत्र्याच्या डब्यात ठेवले आणि हवा लागू नये म्हणून झाकणाभोवती चिकटपट्टीचे वेढ्यावर वेढे दिले. घात झाला तो तिथेच. माझ्यासारखी फीत जुनी झाली, की तिच्यातून आंबट वाफ सुटते. ती बाहेर जाऊ दिली, तर फीत सावकाश म्हातारी होते. कोंडली, तर तीच वाफ फितीला खात सुटते. तो दर आठवड्याला डबा प्रेमाने पुसत होता आणि आत मी सडत होते.

अखेर पत्रा गंजला आणि वास घरभर झाला.

"अहो, काहीतरी आंबलंय," बायको म्हणाली. तिने मोरी घासली, पिठाचे डबे उपसले, नवऱ्याचे बूट गॅलरीत फेकले. शेवटी ती कपाटावरच्या डब्यापाशी पोचली. "हत्ती घरात आणलात, आता त्याची लीदही मीच काढू का? उद्या हा डबा कचऱ्यात गेला पाहिजे."

"अगं, थांब जरा. फिल्मवाल्यांना विचारतो."

दुसऱ्या दिवशी जुन्या फितींच्या प्रती काढणारी एक बाई हातमोजे घालून आली. माझी प्रत निघते की मी कचऱ्यात जाते, ते आता तिच्या हातात होते. चिकटपट्टी निघाली. बायकोने नाकाला रुमाल लावला. माझ्या अंगावर पांढरी भुकटी साचली होती आणि कडा चुण्या पडून वाकल्या होत्या. किळस मला माझीच आली.

"बाहेरचे वेढे वाचतील," हातमोजेवाली म्हणाली, "पण मधल्या वेढ्यांचा चिकटून गोळा झालाय. काका, शेवट आतल्या बाजूला असतो ना? तो गेला. काय होतं शेवटी?"

ऑपरेटर डब्याचे झाकण पुसू लागला. "मला नाही माहीत," तो म्हणाला. "शेवटच्या मिनिटाला मी दुसऱ्या यंत्रावर मोठा पिक्चर लावत असायचो. फक्त पोरांचं हसणं ऐकलंय."

"इतकी वर्षं दाखवलंत आणि बघितलं नाहीत?" बायको रुमालाआडून म्हणाली. "मी बघितलंय. तुमचं जेवण द्यायला आले, की मागं उभी राहायचे. तो मिशाळ शेवटी चिडून स्वतःच बसतो स्टुलावर. उठतो, तर स्टूल चिकटलेलं! तसाच वाकून नमस्कार करतो मेला. आणि हत्ती असा नाकाला रुमाल लावतो."

तिने रुमाल धरून मान अशी काही वळवली, की ऑपरेटर हसू लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

प्रत निघाली. माझा सडका गोळा कापून टाकला. आता पडद्यावर शेवटी नुसते पांढरे दिसते आणि ऑपरेटर पाहणाऱ्यांना बायकोने सांगितलेला शेवट सांगतो.

मित्रांनो, तो चुकीचा आहे. हत्ती रुमाल काढतो हे खरे, पण तो स्वतःच्या नाकाला लावत नाही. तो वाकतो आणि रिंगमास्तरची पँट पुसून देतो. खरा शेवट त्या सडक्या गोळ्याबरोबर गेला, म्हणून सांगते, आवडत्या वस्तू कोंडून ठेवू नका, अधूनमधून उघडून पाहा. घाण वास आलाच, तर रुमाल आधी त्या वस्तूला लावा. तुमचे नाक तेवढा वेळ कळ सोसेल.