चालकाशी बोलू नये

नत्थू वर्ध्याला पोहोचला नाही. मोटार पोहोचली, मोटारीतली माणसं पोहोचली, टपावरच्या संत्र्यांच्या पेट्या पोहोचल्या, नत्थूची सतरंजीसुद्धा पोहोचली. नत्थू तेवढा राहिला. पण ही बातमी घाई करून आधीच येऊन बसली आहे. तिला आपण मागच्या बाकावर सरकवू आणि असं काही झालंच नाही असं धरून चालू. कारण आष्टीच्या बाजारात सकाळची मोटार उभी आहे, इंजिन थरथरतं आहे आणि नत्थू जिवंत आहे. इतका जिवंत, की भांडतो आहे.

"मी पुढंच बसन," नत्थू म्हणत होता. "माही जागा हाये ते. गादी पाहा ना साहेब, माह्या आकाराची झाली."

"तुला वाचता येतं का?" साहेबाने विचारलं. साहेब नवा होता. मोटार सरकारी झाली, तेही नवंच होतं. आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर ठोकलेली पाटी तर इतकी नवी, की तिचा रंग बोटाला लागत होता. चालकाशी बोलू नये.

"येते ना वाचता. पण मी कुठं बोलतो? मी गातो."

"गाणं म्हणजे बोलणंच."

"मंग तुम्ही गाऊन दाखवा. बोलता तर हाच."

साहेब जरा थांबला. त्याने गाऊन पाहावं की काय, असा विचार केल्यासारखा त्याचा चेहरा झाला. मग म्हणाला, "गाण्यात शब्द असतात की नाही?"

"असते."

"ते तोंडातून निघतात?"

"मंग कुठून निघतीन?"

"झालं तर," साहेब म्हणाला. नत्थूने सतरंजी उचलली आणि तो मागच्या बाकावर गेला.

मंगरू ड्रायव्हर हे सगळं ऐकत होता आणि समोर पाहत होता. चालकाशी बोलू नये हे त्याला कळलं होतं. चालकाने बोलावं की नाही याबद्दल पाटी गप्प होती, म्हणून तोही गप्प बसला.

मंगरू चांगला ड्रायव्हर होता. आष्टीहून आर्वी, आर्वीहून खरांगणा, आंजी, वर्धा, हा रस्ता त्याला तळहातासारखा पाठ होता. त्याला खोड अशी एकच. मोटार सुरू झाली की त्याला झोप येई. घरी खाटेवर तो घुबडासारखा टक्क जागा असायचा. चाकं फिरू लागली, की पापण्या मिटायला लागायच्या. ड्रायव्हरला ही खोड असणं बरं नव्हे, हे त्यालाही मान्य होतं.

त्यात त्याचा दोष नव्हता. त्याचं लहानपण बापाच्या बैलबंडीत, कापसाच्या ढिगावर झोपून गेलं होतं. कापूस जिनात न्यायचा तर बंड्यांची रांग निघे, आणि सगळ्यांत पुढच्या बंडीवर नत्थू गात बसे. बंडी हाकणारे धुरकरी झोपू नयेत म्हणून. तरी ते झोपतच. पण बैल शहाणे होते, ते रस्ता सोडत नसत. मोटारीचं तसं नाही. तिला अक्कल नाही, नुसती ताकद आहे. म्हणून मंगरू मोटारीवर लागला, तेव्हा मोटारमालक शेठजीच्या खासगी जमान्यात त्याने एकच अट घातली होती: नत्थूभाऊ शेजारी बसेल.

आणि नत्थू बसला. बसता बसता त्याने रस्त्याचं शास्त्र तयार केलं. चढावर जात्यावरच्या ओव्या, कारण चढावर इंजिन जात्यासारखंच घरघरतं आणि बाई दमली तरी जातं थांबत नाही. सपाटीवर खडीगंमतीतली, म्हणजे इकडच्या तमाशातली, चावट गाणी, कारण सपाटी माणसाला झोपवते आणि चावटपणा उठवतो. नाल्यातून मोटार घालायची तर भुलाबाईची गाणी; पिळदार मिशांचा नत्थू पोरींसारखा टाळ्या वाजवत ती म्हणे आणि बायका तोंडाला पदर लावत. उतारावर भजन. ब्रेक लागला तर पुण्य, नाही लागला तरी पुण्यच.

पाळणा मात्र मोटारीत वर्ज्य. एकदा एका लेकुरवाळीने नत्थूचा डोळा चुकवून पाळणा म्हटला. पोर जागंच राहिलं, मंगरू झोपला. मोटार तुरीच्या वावरात शिरली आणि मचाणाशी जाऊन अदबीने उभी राहिली. मचाणावरचा मालक म्हणाला, "या, बसा." कोणाला खरचटलंही नाही. पण तेव्हापासून पाळणा म्हटला की नत्थू डोळे वटारी.

तर पाटी लागली त्या दिवशी नत्थू मागून गाऊ लागला, आणि इंजिनाच्या आवाजात त्याचं गाणं मधल्या बाकापर्यंतच पोहोचू लागलं. तळेगाव यायच्या आत मंगरूची मान एकदा छातीला लागून आली.

"अहो, हे झोपताहेत!" प्रमिलाबाई म्हणाल्या. त्या आर्वीच्या शाळेत मास्तरीण होत्या. "मागच्या बाकावरची चिठ्ठी पुढच्या बाकावर जाते ना? वर्गात जाते, मी पाहिली आहे. तसं करा. ओळ पुढे सरकवा."

आणि ओळ सरकू लागली. नत्थू गाई, त्याच्या पुढचा त्याच्या पुढच्याला सांगे, मध्ये प्रमिलाबाई तिचं व्याकरण सुधारत, आणि शेवटी ती कंडक्टर जयवंतापाशी येई. जयवंता नियमाचा पक्का. तो चालकाशी बोलत नसे. तो समोरच्या काचेला सांगे.

"काचा रे," जयवंता म्हणे, "जातं जड हाये म्हणते."

मंगरू काचेचं ऐके आणि जागा राही.

घोटाळा पहिल्याच चढावर झाला. नत्थूने आपली आवडती ओवी काढली होती:

जातं माझं जड बाई, दाणे त्याचे दूर,
दळता दळता दिसे मले माहेरचा धूर.

प्रमिलाबाईंनी 'मले'चं 'मला' केलं. पुढे पेट्यांचा व्यापारी होता, त्याला माहेर नव्हतं, त्याने ते गाळलं. त्याच्या पुढच्याने दळण गाळलं. जयवंतापर्यंत एवढंच आलं: धूर दिसते.

"काचा रे, धूर!" जयवंता ओरडला.

मंगरूने करकचून ब्रेक लावला. सगळी मोटार धडाधड खाली उतरली. कोणी बोनेटवर तांब्याभर पाणी ओतलं, कोणी पेट्या खाली फेकल्या, एका म्हाताऱ्याने मोटारीच्या पाया पडून घेतलं. आग कुठे सापडेना. मोटारीत फक्त नत्थू उरला होता, डोळे मिटून. तो पुढची ओवी म्हणत होता.

त्या दिवसापासून शिस्त पडली. प्रत्येक निरोपाच्या आधी सांगायचं: "गाणं हाये." म्हणजे कोणी उतरणार नाही.

अशी ती मोटार बरेच दिवस चालली. मग नत्थूच्या गळ्याला गाठ आली. आधी त्याचा वरचा सूर गेला, मग खालचा, मग नुसती कुजबूज राहिली. आष्टीच्या वैद्याने गळ्यात डोकावून पाहिलं आणि ज्या हळुवारपणे तो म्हणाला, "वर्ध्याले न्या," तो हळुवारपणा कोणालाच आवडला नाही.

नत्थूला दोघांनी उचलून मोटारीत आणलं. त्याला आडवं व्हायचं होतं, आणि आडवं होता येईल एवढं लांब बाक एकच होतं, सगळ्यांत मागचं. त्याची बायको तिथे बसली आणि तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. बायकोचं नाव कोकिळा. ती जन्मात कधी गायली नव्हती. नाव ठेवणारी आत्या याचं उत्तर द्यायला हयात नव्हती.

"वहिनी, त्याइले झोपू देऊ नका," मंगरू म्हणाला. "वर्धा येईपर्यंत जागं ठेवा. तिथं मोठे डॉक्टर हायेत."

"ते कुठं झोपते, भाऊजी? झोपता तं तुम्ही."

मंगरू आपल्या जागेवर जाऊन बसला. शेजारची जागा रिकामी होती. नियमाने ती रिकामीच असायची. आज मागूनही गाणं येणार नव्हतं. त्याने चाकावर हात ठेवले आणि त्याच्या पापण्या, सवयीप्रमाणे, जड झाल्या.

"जयवंता," तो काचेकडे पाहून म्हणाला, "पाटीवर काय लिहलं हाये? चालकानं गाऊ नये, असं हाये काय?"

जयवंताने पाटी पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि काचेला सांगितलं, "नाई बा. तुह्याशी बोलायची बंदी हाये. तुले बोलायची नाई."

"मंग मी गातो. मागं धाडत जा."

मंगरूचा गळा म्हणजे तेल न पाहिलेलं मोटेचं चाक. पण त्याने जात्याची ओवी धरली, आणि ती आज उलटी निघाली: जयवंताकडून व्यापाऱ्याकडे, व्यापाऱ्याकडून प्रमिलाबाईंकडे, तिथून मागे, मागे, कोकिळेच्या कानाशी. कोकिळा ती नत्थूच्या कानात सांगे. माहेरचा धूर सगळ्या मोटारीतून गेला. या वेळी कोणी त्यातलं काही गाळलं नाही.

थोड्या वेळाने मागून उत्तर आलं.

"गाणं हाये," जयवंता काचेला म्हणाला. "नत्थूभाऊ म्हणते, चढाचं गाणं सपाटीवर काऊन म्हणून राह्यला? इंजिन दमते."

मोटार हसली. मागून आणखी एक निरोप आला: "हसले म्हणते." हा एक शब्द मंगरूला आर्वीपर्यंत पुरला.

आर्वीला शाळा आली तरी प्रमिलाबाई उतरल्या नाहीत. आर्वीनंतर मंगरूने चावट गाणी म्हटली आणि ती मागे देताना त्यांनी फक्त पहिले आणि शेवटचे शब्द दिले. नाल्यात भुलाबाई झाली. खरांगण्याच्या चढावर पुन्हा जातं झालं. चूक झाली की मागून शिवी येई, आणि शिवी आली की मंगरू खूश होई. शिवी देतो म्हणजे आहे.

उतार लागला. मंगरू भजनाला सुरुवात करणार, तेवढ्यात जयवंता काचेपाशी आला. तो 'गाणं हाये' म्हणाला नाही.

"पाळणा म्हण म्हणते."

मंगरूने मागे पाहिलं नाही. उतारावर पाहता येत नाही. "पाळणा मोटारीत वर्ज्य हाये म्हणा. त्याइचाच नियम हाये."

निरोप मागे गेला. बराच वेळ लागला त्याला यायला.

"तुह्यासाठी नाई म्हणते," जयवंता म्हणाला. "माह्यासाठी."

मंगरूने पाळणा म्हटला:

निज माह्या राजा, बंडी चालली हळू,
कापसाच्या गादीवर नको कूस वळू.

ओळ बाकावरून बाकावर गेली. संत्र्यांचा व्यापारी तिला दोन्ही हातांत धरल्यासारखा मागे वळला. मोटारीतलं एक पोर झोपलं, मग त्याची आई झोपली. मंगरू जागा होता. डोळ्यांत पाणी असलं की झोप येत नाही, हे नत्थूच्या शास्त्रात कुठेच नव्हतं. तो तीच ओळ फिरवून फिरवून म्हणत राहिला. रस्ता सरळ झाला, पाणी सुकलं, आणि त्याची मान हळूच पुढे झुकली.

"गाणं हाये!" जयवंता काचेवर टकटक करत म्हणाला. "पाळणा पुरे म्हणते. आंजी आली. सपाटी हाये, दिसत नाई काय? गमतीचं म्हण म्हणते."

मंगरू ताडकन ताठ झाला. "म्हणतो ना बाप्पा!" तो ओरडला आणि त्याने सगळ्यांत चावट गाणं काढलं. मागे प्रमिलाबाई एकदा उठून शेवटच्या बाकापाशी पाहून आल्या होत्या. त्यानंतर त्यांनी एकाही निरोपाचं व्याकरण सुधारलं नाही. चावट ओळीसुद्धा त्यांनी पूर्ण दिल्या, शब्दन् शब्द.

वर्ध्यापर्यंत शिव्या येत राहिल्या. मोठ्याने म्हण. त्या बंडीले वाट दे. सूर खाली गेला. पोचलोच म्हणते, झोपू नको.

वर्ध्याला मोटार उभी राहिली, तेव्हा मंगरू पळत मागच्या बाकाशी गेला. कोकिळा तशीच बसली होती. तिचा तळहात नत्थूच्या डोळ्यांवर होता, ऊन लागू नये म्हणून ठेवावा तसा.

"पोचलो, वहिनी. उठवा त्याइले."

कोकिळेने हात काढला नाही.

"कवा?" मंगरूने विचारलं.

"आंजीच्या अलीकडं. तुमचा पाळणा चालू होता."

"पण निरोप तं येत होते! आंजीनंतर... शिव्या आल्या मले!"

"मोटारीत लेकरंबाळं होते, भाऊजी," कोकिळा म्हणाली. "पाळण्यावर तुम्ही झोपलेच असते." मग सतरंजीचं टोक सारखं करत ती म्हणाली, "इतके वर्षं आयकलं घरात. कोणतं गाणं कुठं म्हणावं, मले काय माईत नाई?"

प्रमिलाबाई खाली उतरल्या होत्या, त्या परत वर चढल्या आणि नुसत्याच उभ्या राहिल्या. जयवंताने टपावरून पेट्या उतरवायला सुरुवात केली.

तेरावं झाल्यावर मंगरूने प्रमिलाबाईंना गाठलं आणि एक अर्ज लिहून मागितला. तो सांगत गेला, त्या लिहीत गेल्या. भाषा त्यांची आहे, मागणी त्याची.

मेहेरबान साहेब यांचे सेवेशी. अर्जदार मंगरू, चालक, आष्टी ते वर्धा मोटार, सविनय अर्ज करतो, की सदर मोटारीत 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी आहे, तिच्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. पाटी कायम ठेवावी. फक्त मयत नत्थू यास पूर्ववत पुढील आसनावर बसण्याची परवानगी मिळावी. तो चालकाशी बोलणार नाही. तसेच यापुढे गाणारही नाही, असे अर्जदार त्याच्या वतीने लिहून देत आहे. तो नुसता बसेल. सदरहू आसनाची गादी अद्याप त्याच्या आकाराची आहे, तरी ती बदलण्यात येऊ नये. हुकूम व्हावा, ही विनंती.