बछड्याच्या गायीचं दूध

गुढ़ियारीच्या त्या गल्लीत एवढी गर्दी नळाला पाणी आल्यावरही होत नसे. अंजनाबाईंच्या दारात लोक नारळ घेऊन उभे होते. राज्य नुकतंच वेगळं झालेलं, नवं; या शहरातली राजधानीही नवी. मग चमत्कारही नवाच हवा. तो सव्वा महिन्याचा होता आणि आत आईच्या कुशीत झोपला होता.

"पोटात पोट्टी होती म्हणे," एक बाई सांगत होती, "बाबाच्या पुडीनं तिचा पोट्टा होऊन राहिला होता. अर्ध्यातच राहिला."

बातमी इस्पितळातल्या आयेनं आणली होती. बाळाकडे पाहून मुलगा की मुलगी, हे जन्मल्यावर कोणालाच सांगता आलं नव्हतं.

पुडी देणारे लल्लाबाबा पुरानी बस्तीहून जातीनं आले होते. "भगवान ने भेजी थी बेटी, हमने रास्ता मोड़ दिया!" ते गरजले. "बस, दूध में खोट रह गई, माई. बछिया वाली गाय का होगा."

दूध अंजनाबाईंनीच आणलं होतं. घरात चार वर्षांची नात होतीच, म्हणून सुनेला दुसरा महिना सरताना बाबांच्या पुडीचा एकवीस दिवसांचा कोर्स, दुधातून. गायीला बछडाच, म्हणजे गोऱ्हाच हवा, बछिया म्हणजे कालवड चालत नाही, हा नियम. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. तिच्याकडे पाठ करून त्या पुडी दुधात कालवत. सून अपर्णाला सांगितलं होतं, शक्तीची आहे.

"काहून रे नत्थू?" त्यांनी गर्दीतल्या गवळ्याला गाठलं.

"माय, तुम्ही बछड्याचं मागितलं, मी मान हलवून हव म्हटलं. साऱ्या गायींचं एकाच कॅनमधी असते. दुधाले काय ठाऊक, घरी पोरगा हाये का पोरगी?"

"देखा!" बाबा म्हणाले. "इसीलिए आधा! बच्चा बाहर लाओ, सब दर्शन करेंगे."

तेवढ्यात इस्पितळातल्या डॉक्टर पद्मिनी गर्दीतून वाट काढत आल्या. त्यांनी अंजनाबाईंना आत नेलं आणि दार लावून घेतलं. उरलेल्या दोन पुड्या अंजनाबाईंनीच त्यांना तपासायला गुपचूप दिल्या होत्या.

"आजी, आईकडून एक्स गुणसूत्र येतं, बापाकडून एक्स नाहीतर वाय. गर्भ राहतो तेव्हाच हे ठरतं. वायवर एसआरवाय नावाचा इवलासा जीन असतो. सहाव्या-सातव्या आठवड्यात तो जागा झाला की वृषणं बनायला लागतात, आणि पुढचं पुरुषी संप्रेरक ती बनवतात. या बाळाकडे दोन एक्स आहेत, तो जीन नाहीच. आत गर्भाशय आहे, अंडाशय आहेत. मुलगीच आहे."

"मग बाहेरून असं?"

"पुडीत पुरुषी संप्रेरकाच्या गोळ्या कुटलेल्या निघाल्या, त्यांनी बाहेरचा भाग मुलासारखा वाढला. असं ग्रंथींच्या आजारानंही होतं; तो तपासला, नाही. पुडीनं मुलीचा मुलगा होत नाही, आजी. तिच्या अंगावर खूण तेवढी राहिली. तब्येत छान आहे. ऑपरेशनची घाई करू नका."

"कोणती पुडी?" अपर्णानं विचारलं.

"दुधातली," अंजनाबाई म्हणाल्या. अपर्णानं बाळाला छातीशी ओढलं.

"आई, मले काहून नाही विचारलं?"

अंजनाबाई दार उघडून बाहेर आल्या. "त्या पुडीत गोळ्या कुटल्या होत्या," त्या म्हणाल्या.

"असर तो हुआ ना!" बाबा हसले.

"हव, झाला. विखाचाबी होते असर."

समोर एक पोटुशी बाई पुडी मुठीत धरून उभी होती. अंजनाबाई तिलाच म्हणाल्या, "याच्या पुडीनं पोट्टे झाले म्हणतात. दोन बाळंतपणांत एक पोट्टा तसाही होते, बाई. ज्यांले पोट्टी झाली त्यांले हा म्हणते, दूध खोटं होतं. मी गाय शोधाले निघाले, त्याच्या आधीच सारं ठरलं होतं. मले पोट्टी नको होती, हाच रोग. कोणी पुडी देत असन तर विचारा, याच्यात काय हाये? डाक्टरले दाखवा. मी नाही विचारलं. भोगून राहिलं ते लेकरू."

बाबांना एकाएकी पुरानी बस्तीतली पूजा आठवली. नारळ आपापल्या घरी गेले. डॉक्टरही निघाल्या.

अंजनाबाई आत जायला वळल्या, तर कडी आतून लागलेली. खिडकीत चार वर्षांची नात आली.

"आजी, मम्मी बोल रही है, अभी नहीं."

"हव," अंजनाबाई म्हणाल्या, आणि पायरीवर बसल्या.