सहाव्यांदा तेच

या, टेकून बसा. चिमटेकाकांनी लाल पेन्सिलीनं बाईंच्या पुस्तकातली सोळा पानं उडवली, त्याची गोष्ट सांगतो. घटकाभर जाईल, पण वाया नाही जायची.

काका आमच्या छापखान्यात मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची कच्ची पानं, तपासायचे. शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचन शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता आलं. चुकलेला खिळा चिमट्यानं उपटायचे, म्हणून नाव पडलं चिमटे. खिळे गेले, नाव राहिलं. दुबार पकडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. दुबार म्हणजे, जुळवणाऱ्याची नजर घसरते आणि तोच मजकूर दोनदा बसतो. पण आता मालक म्हणायला लागला होता की चुका कॉम्प्युटर काढतो, माणूस कशाला. या पुस्तकात एक जरी चूक राहिली तर पेन्सिल ठेवा आणि घरी बसा, असं त्यानं काकांना तोंडावर सांगितलं होतं.

पुस्तक होतं एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं. बुद्धाची सगळ्यात जुनी वचनं नव्या माणसानं कशी वाचायला घ्यावीत, ते सांगणारं. काका बघतात तर काय, एकच मजकूर सहा वेळा! डोळ्याचं झालं की कानाचं, मग नाकाचं, जिभेचं, अंगाचं, शेवटी मनाचं. एखाददुसरा शब्द बदलायचा, बाकी जसंच्या तसं. पुस्तकभर हाच प्रकार. काकांनी जिथंतिथं पहिला ठेवला आणि पाच उडवले. कॉम्प्युटरवर त्यांची सूनच बसायची. ती म्हणाली, मामंजी, एकदा बाईंना विचारू या. काका म्हणाले, ज्यानं चूक केली त्यालाच विचारून चूक काढायची होय?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. काकांनी खुर्ची सरकवली आणि पहिल्या नंबराचं प्रगतिपुस्तक दाखवावं तशी कापून नव्यानं छापलेली पानं पुढ्यात ठेवली. बाईंनी ती चाळली. चष्मा पुसला. पुन्हा चाळली.

"काका, बाकीचे पाच कुठायत?"

"दुबार होते. काढले."

"दुबार नाहीत हो ते. ते तसंच आहे."

काकांचा चेहरा पडला, पण जीभ नाही पडली.

"एकदा सांगून कळत नाही, असला कोण वाचक आहे तुमचा?"

सून मान खाली घालून हसू दाबत होती. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की ही वचनं कित्येक पिढ्या कागदावर नव्हतीच. भिक्खू एकत्र बसून म्हणायचे, नवे ऐकून ऐकून धरायचे. तोंडात होतं तेवढंच पुस्तक. मग न कापलेली फाईल आहे का, असं त्यांनी सुनेला विचारलं. होती. मामंजींना न सांगता तिनं जपून ठेवली होती. बाईंनी ती पानं छापून घेतली आणि काकांच्या हातात दिली.

"मोठ्यानं वाचा. शेवटपर्यंत."

काका घुश्शातच सुरू झाले. डोळ्याचं घाईघाईत उरकलं. कानाचं कुरकुरत. नाकाशी आले तसा आवाज खाली उतरला. जिभेच्या वेळी कागद मांडीवर आला. अंगाचं म्हणताना काकांनी डोळे मिटले होते आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. मनाचंही तसंच, डोळे मिटूनच म्हणायला लागले.

"मनात विचार आला. आवडला, म्हणून मन धावलं. धावतंय हे ओळखलं. ओळखलं तसं थांबलं."

"मामंजी," सुनेनं पडद्यावर बोट ठेवलं, "'धावतंय हे ओळखलं' इथं नाहीच."

"नाही कसं? पाची ठिकाणी आहे."

बाईंनी पिशवीतून आपलं हस्तलिखित काढलं. ओळींवरून बोट नेत गेल्या आणि थांबल्या. तिथंही नव्हतं.

"अकरा वेळा तपासलंय मी हे," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

काकांनी कागद पुन्हा जवळ घेतला. काल ज्या पाचांवर रेघ ओढली, त्यातल्याच चौघांनी आणि रेघेतून वाचलेल्या एकानं मिळून आज सहाव्याचं लंगडणं धरून दिलं होतं.

"म्हणजे बाई, ते भिक्खू..."

"काय?"

"मुद्रितंच तपासत होते की. तोंडानं. आपल्याच धंद्यातले निघाले."

बाई तेव्हा कुठे हसल्या.

काकांनी सुटलेली ओळ जागेवर लिहिली. मग कालची लाल रेघांची पानं ओढली आणि खोडलेल्या प्रत्येक ओळीखाली बारीक टिंबं द्यायला लागले. आमच्या कामात टिंबांचा अर्थ, खोडलंय ते राहू द्या. स्वतःच्या रेघेखाली टिंबं द्यायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. पण हात काही जड झाला नाही. उलट ताठ बसून, एकेक टिंब दागिन्यात खडा बसवावा तसं देत होते.

मालक आत आला. किती चुका निघाल्या, विचारलं.

"एक," सून म्हणाली. "कॉम्प्युटरला दिसली नाही. बाईंनाही नाही. मामंजींनी काढली. डोळे मिटून."

मालक आला तसा परत गेला. काकांनी पेन्सिलीला टोक काढलं.

आता तुमच्याकडे एकच मागणं. ते पुस्तक कधी हाती आलं तर 'पुन्हा तेच' म्हणून पान उलटू नका. सहाव्यांदाही मोठ्यानं म्हणा. आणि एखादी ओळ सुटलेली सापडलीच, तर आधी मला येऊन सांगा. काकांना सांगायचा धीर मला गोळा करावा लागेल.