कस्तुरा नावाचा दगड

घाबरू नका, दगडच बोलतोय. मानवत गावाच्या शिवेबाहेर, बाभळीखाली, 'कस्तुरा' एवढंच नाव छातीवर घेऊन उभा आहे ना, तोच मी.

इथं राज्य निजामाचं. लिंबाजी पाथरवटानं मला खाणीतून काढलं ते पाटा करायला. मसाल्याच्या वासात जन्म जाणार म्हणून मी केवढा खुशीत होतो! पण गावात सर्कस आली आणि झोक्यावरची पोरगी पडून जागीच गेली. त्या लोकांत पुरायची चाल. सर्कसचा मालक भुजंगराव लिंबाजीला म्हणाला, "कोर, कस्तुरा."

दुसऱ्या दिवशी लिंबाजी सर्कस बघून आला तो पळतच माझ्यापाशी.

"आरं देवा! जिला पुरली ती झोक्यावर झुलायलीय! कर्ण्यातून तिचंच नाव पुकारायलेत!"

त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? कस्तुरा हे बाईचं नावच नव्हतं, ते झोक्याचं होतं. जी वर चढेल ती कस्तुरा.

मग नवी कस्तुरा माझ्यापाशी आली. कोवळी पोर. अक्षरांवरून बोट फिरवत लिंबाजीला म्हणाली, "मामा, हिचं नाव अनसूया. मी विमल. हे पुसा ना. मेलेलीच्या नावानं हाका मारतेत मला. लय भ्या वाटतंय."

लिंबाजीनं छिन्नी उचलली, तर भुजंगरावानं हात धरला. "खुळा का काय? लोक हा दगड बघतेत, अन् मग जित्ती कस्तुरा बघायला तंबूत येतेत!"

तेव्हापासून सर्कस गावात आली आणि कर्ण्यातून 'कस्तुराऽऽ' अशी आरोळी उठली, की माझ्या बुडाखालची माती हलायची. देवाशपथ सांगतो, खालची ओ द्यायची. विमल दरवेळी माझ्यापाशी येऊन बसायची. "तिला सांगा, मी न्हाई बोलावलं," मला म्हणायची. फार माया लागली मला तिची.

परवा आरोळी आली, पण टाळ्या आल्या नाहीत. किंकाळी आली. माझ्या शेजारीच नवा खड्डा खणला.

लिंबाजी डोळे पुसत म्हणाला, "मालक, दुसरा दगड आणतो. विमल कोरतो."

"कशाला?" भुजंगरावानं माझ्याकडं बोट केलं. "नाव तर हाय की."

बाबांनो, मला फुलं नकोत. तंबू अजून उठलेला नाही, आज तिसरी पोर वर चढायलीय. कर्णा वाजला की आता खालून दोघी ओ देतात. पळत जा, तिचं खरं नाव विचारा आणि त्या नावानं तिला खाली बोलवा.