चौथा चॅनेल नसलेले हेलिकॉप्टर

चष्म्याच्या दुकानात सर्वांत वरच्या फळीवर, रिकाम्या खोक्यांच्या मागून जे लाल शेपूट डोकावते ना मित्रांनो, ते माझे. मी एक जुने, रिमोटवर उडणारे हेलिकॉप्टर आहे. खाली दिवसभर लोक भिंग लावून अक्षरे वाचतात आणि आपल्याला स्पष्ट दिसते, अशी खात्री करून घरी जातात. मला मात्र माणसांच्या स्पष्ट दिसण्याविषयी फारसा भरवसा उरलेला नाही.

मला चिंगीच्या मामाने आणले. खेळण्यांच्या दुकानदाराने त्याला नीट विचारले होते, "तीन चॅनेलचं देऊ की चारचं?" मामा म्हणाला, "तीन काय, चार काय, वर गेलं की झालं." माझे खोके मोठे होते आणि रंग भडक होता, म्हणून माझी निवड झाली.

चॅनेल म्हणजे रिमोटचा हुकूम माझ्यापर्यंत आणणारी एकेक वाट. पहिल्या वाटेने मी वर-खाली होते. दुसरीने माझे नाक डावीउजवीकडे वळते. तिसरीने पुढे-मागे जाते. चौथी वाट असते नाक न वळवता खेकड्यासारखे बाजूला सरकण्याची. ती माझ्यात नाही. वाऱ्याने मला बाजूला ढकलले, तर परत ओढून आणणारी दांडी माझ्या रिमोटवर मुळी नाहीच.

चिंगी हे जाणत नव्हती. तिची आई या चष्म्याच्या दुकानाची मालकीण. दुपारी गिऱ्हाईक नसले की चिंगी मला काउंटरवरून उडवी. तिच्या बोटांत घाई नसे. मी तिच्या खांद्याच्या उंचीवर स्थिर राहिले, की ती रोखलेला श्वास सोडून हसे. माझ्या आयुष्यातले सुख म्हणजे तेवढेच.

मग तो दिवस आला. सकाळी आईने चिंगीला मैत्रिणीकडे मुक्कामाला जायची परवानगी नाकारली होती. "सारखं आपलं दुकान, दुकान," एवढेच चिंगी पुटपुटली. दुपारी तिने मला उडवले. तेवढ्यात काचा घासायच्या मागच्या खोलीचे दार वाऱ्याने उघडले. तिथला पंखा भरधाव फिरत होता. त्याचा झोत आला आणि मी उजवीकडे वाहत गेले. गिऱ्हाइके चष्मा लावून ज्यात स्वतःला न्याहाळत, तो गोल आरसा फुटून खाली आला.

"रिमोट कुणाच्या हातात होता?" आईने विचारले.

"माझ्या. पण मी डावीकडे ओढत होते. ते उजवीकडेच गेलं."

"म्हणजे ते स्वतःच्या मनानं गेलं? मैत्रिणीकडे पाठवलं नाही, त्याचा राग आरशावर काढलास, असं सांग ना सरळ."

चिंगीने पुन्हा तेच सांगितले. आईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती, आणि संशयाला औषध नसते. रिमोट खणात बंद झाला. त्यानंतर भिंगावर बोटाचा ठसा दिसला, फ्रेमचा स्क्रू हरवला, पडद्याची कडी निसटली, की आईची नजर आधी चिंगीकडे वळे. ती काही बोलत नसे. न बोललेला संशय त्या चिंचोळ्या दुकानात माझ्या पात्यांपेक्षा मोठ्याने घोंघावत असे. चिंगी जेवताना ताटाकडे पाही, आई चिंगीकडे.

एका रविवारी मामा आला. सारे ऐकून म्हणाला, "ताई, पोरगी खोटं बोलणारी नाही."

"थांब, दाखवतेच तुला. हे सांगितल्याबरहुकूम चालतं." आईने रिमोट काढला.

आणि मी खरोखरच चालले. वर म्हटले वर, पुढे म्हटले पुढे. चिंगीचा चेहरा उतरत गेला. माझ्या आज्ञाधारकपणाचे मला इतके वाईट कधी वाटले नव्हते.

"पाहिलंस?" आई म्हणाली.

"पाहतोय. पाणी पिऊन येतो," म्हणत मामाने मागच्या खोलीचे दार उघडले.

झोत आला. मी उजवीकडे वाहू लागले. आईने दांडी डावीकडे दाबली. माझे नाक वळले, अंग मात्र उजवीकडेच सरकत राहिले. तिने आणखी जोरात दाबली. आरशाच्या रिकाम्या खिळ्यावर आपटून मी खाली पडले आणि माझी शेपटी निखळली.

मामा हातात पेला घेऊन दारात उभा होता. "ताई, आता तुझा कुणावर राग होता?"

आई हसली नाही. मग मामानेच मान खाली घालून दुकानदाराचा तो प्रश्न आणि आपले उत्तर सांगितले. आईने चष्म्याचा बारीक पेचकस घेतला, माझी शेपटी बसवली आणि रिमोट चिंगीपुढे ठेवला. "दार लावून उडवत जा," एवढेच ती म्हणाली.

चिंगीने मला उडवले, पण पूर्वीसारखे नाही. ती आता मोठ्याने सांगत असे, "बघ हं आई, मी डावीकडे वळवतेय. बघ, आता खाली घेतेय." आपल्याच बोटांची साक्ष देत खेळणारे मूल फार काळ खेळत नाही. मी फळीवर गेले.

परवा मागच्या खोलीत काहीतरी धाडकन पडले. आई वळायच्या आत चिंगीने दोन्ही हात वर केले. ती आता आईएवढी उंच झाली आहे. "मी इथेच आहे," ती म्हणाली.

आईने हातातले भिंग खाली ठेवले. "मी विचारलं नाही गं, बाळा." ती उठली, चिंगीचे दोन्ही हात धरून तिने हळूच खाली आणले, आणि ते बराच वेळ सोडले नाहीत. मागे काय पडले, ते पाहायला कोणीच गेले नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे यंत्र घ्याल तेव्हा खोक्याचा रंग पाहू नका. त्याला कोणकोणते हुकूम कळतात, ते विचारा. माझी धूळ पुसा, ठेवून देताना सेल काढून ठेवा. आणि मी भलतीकडे गेले, तर दांडी धरणाऱ्या हाताला बोल लावण्याआधी एकदा ती दांडी स्वतः धरून पाहा. दार मात्र उघडे ठेवून.