मामाला जड

सुयशला वरचे दोन दात आधी आले अन् मुकुंदवाडीच्या त्या दोन खोल्यांत हलकल्लोळ माजला. वरचे दात आधी आले की मामाला जड जातं म्हणं! साळूबाईनं लगेच सुनेच्या माहेरी, पिशोरला फोन लावला. "गोकुळभाऊ, चांदीची वाटी घ्या अन् निघा. तुमच्या जिवावरचं हाय!"

सुनेचं, प्रेरणाचं, डोकं सणकलं. आठ महिन्यांचं लेकरू तव्यावानी तापलेलं, दोन दिवस जुलाब, दूध लावलं की उलटी. अन् काळजी कुणाची? तर मिशीला पीळ देत फिरणाऱ्या पस्तीस वर्षांच्या घोड्याची!

"आत्याबाई, दवाखान्यात नेते त्याला."

"दातानं होतंच ते. तुझ्या नवऱ्याला बारा दिवस लागले हुते."

"टाळू बघा की, खड्डा पडलाय!"

"मामाचा उतारा झाल्याबिगर पोरगं उंबरा ओलांडणार नाय." साळूबाई दारातच फतकल मारून बसली. नवरा वाळूजला कंपनीत, फोन बंद.

दुपारी गोकुळ उगवला, खिदळतच. "मेलो का गं मी?"

"दात काय काढतोस? लेकराला हात लावून बघ!"

त्यानं हात लावला अन् हसू जागीच विरलं. मग डोळा बारीक करून तो साळूबाईकडं वळला.

"मावशी, वाटीनं भागायचं नाय. पिशोरची रीत लई कडक."

"काय रीत?"

"मामानं भाच्याला उचलायचं. मागं बघायचं नाय, वाटेत बोलायचं नाय. पांढरा कोट घातलेल्या माणसाचा हात लेकराच्या छातीला लावायचा. त्यो देईल ते खारट-गोड पाणी चमच्यानं पाजायचं. दिवस मावळायच्या आत. नायतर मी खपलो."

"अगं बया!" साळूबाई टुणकन उठली. "प्रेरणा, बघती काय? टावेल दे!"

डॉक्टर प्रेरणावरच भडकले. "दातानं एवढा ताप येत नसतो, बाई! अजून उशीर केला असता तर?"

तिनं गोकुळकडं पाहिलं. गोकुळ तर रीतीपायी मुकाच.

तिसऱ्या दिवशी सुयश चमचा चावत खिदळत होता अन् साळूबाई भिंतीवरून शेजारच्या रत्नमालाबाईला सांगत होती, "पिशोरची रीत हो! पांढरा कोट पाहिजे अन् मामा मुका."

"आत्याबाई, ते डॉक्टर होते! औषधानं बरा झाला!"

"डॉक्टर काय, निमित्त गं."

प्रेरणानं तणतणत गोकुळला फोन लावला. "आत्ताच्या आत्ता खरं सांग त्यांना! सगळं नाव तुझ्या त्या मेल्या रीतीचं झालंय!"

तिकडं नुसती खीखी. इकडं खिडकीतून तिला रत्नमालाबाईचा नातू दिसला. त्यालाबी कालपासून जुलाब. त्याचा मामा त्याला छातीशी धरून, ओठ घट्ट मिटून रिक्षात चढत होता.

"राहू दे, नको सांगू," म्हणत प्रेरणानं फोन ठेवला.

"दादा," ती खिडकीतून ओरडली, "वाटेत पाणी पाजत न्या!"

मामानं मागं वळूनबी पाहिलं नाय.