पंख्याने पाहिलेला करार

मित्रांनो, मी एक जुना छताचा पंखा आहे. हैदराबादच्या अंबरपेठेतल्या कारखान्यात कारागिरांनी तांब्याची तार गुंडाळून, पाती तोलून मला घडवलं आणि कंपनीच्याच सभेच्या दालनात टांगलं. पाहुणे वर बघून म्हणत, "काय गार वारा आहे!" तेव्हा मला धन्य वाटे.

हिम्मतराव या कंपनीचे मुख्य व्यवस्थापक. परभणीकडच्या शेतकरी घरातून शिकून ते हैदराबादला आलेले. त्यांच्या शब्दावर कितीतरी नातलगांनी कंपनीचे शेअर घेतले होते. नल्लकुंट्याला राहणाऱ्या त्यांच्या चतुराबाई आत्यांनी तर त्यासाठी हातातल्या पाटल्या मोडल्या.

पुढे हैदराबाद राज्याची वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि तिकडचं आमचं गिऱ्हाईक तुटलं. तरी कारखाना धडधडतच राहिला. कारण हिम्मतरावांना पगाराशिवाय कमिशनही होतं आणि ते विकलेल्या नव्हे, तयार झालेल्या पंख्यांवर मिळे. माझी भावंडं गोदामात धूळ खात पडली. हिम्मतरावांच्या दारात मोटार आली. भागधारकांना मात्र लाभांश म्हणून छदामही मिळेना.

वार्षिक सभेत हिम्मतरावांचा तोच करार पुढे चालू ठेवायचा ठराव आला. अध्यक्ष केशवरावांनी विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?"

मागच्या रांगेतून चतुराबाई उठल्या.

"हिम्मत, पंखा तयार झाला की तुला पैसा. आम्हाला कधी रे?"

"विकला गेला, नफा झाला की, आत्या."

"मग गोदाम भरलं की तुझ्या घरी सण, अन् आमच्या घरी चूल थंड. असं कसं बाबा?"

"बाई, हा घरचा मामला नाही. बसा," केशवराव म्हणाले.

"हौ, बसते. पण पैसा याच्या तोंडाकडं बघून दिला होता, तुमच्या नाही."

बहुतेक हात अध्यक्षांच्या बाजूचे होते. ठराव सहज मंजूर झाला असता. पण हिम्मतरावांनी टेबलावरचा ठरावाचा कागद हातात घेतला. मग उभे राहिले.

"हा करार असा मंजूर करू नका. माझं कमिशन निव्वळ नफ्यावर ठेवा. भागधारकांना लाभांश मिळेपर्यंत मला पगाराखेरीज काही नको."

"हिम्मतराव, विचार करा," केशवराव हळूच म्हणाले.

"आजवर केला नाही, तेच चुकलं."

करार तसा बदलला. मोटार विकली गेली. गोदाम रिकामं होईतो नवे पंखे थांबले. काही कामगारांना घरी बसावं लागलं. ते हिम्मतरावांनी एकेकाला समोर बसवून सांगितलं. ते स्वतः सिकंदराबादच्या रेल्वे वसाहतींत, शाळांत हिंडून पंखे विकू लागले. हळूहळू कारखाना सावरला, कामगार परतले, लाभांश जाहीर झाला.

तोवर चतुराबाई गेल्या होत्या. हिम्मतराव त्यांचा वाटा घेऊन त्यांच्या मुलीकडे, सखूकडे गेले. परतल्यावर केशवरावांना म्हणाले, "सखूनं पैसे घेतले. म्हणाली, 'दादा, आई शेवटपर्यंत विचारायची, हिम्मतचे पंखे खपतात का?'"

मित्रांनो, आता मी अडगळीत आहे. माझं मागणं एवढंच, की उद्या तुमच्या हाती कुणी विश्वासाने आपली पुंजी देईल, तेव्हा तिला जिवापाड जपा. देणाऱ्याच्या घरी काही पोचण्याआधी आपलं घर भरू नका. उशिरा पोचलेला वाटा घ्यायला ते माणूस असेलच, असं नाही.